शस्त्र घडविणारे हात आणि आपण



गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर आपल्यातला एक तरुण मागे थांबून राहिला. तो कुपवाड एमआयडीसीत लेथवर काम करतो. गर्दी पांगल्यावर म्हणाला, "फादर, आमच्या शेठकडं नवीन जॉबची चौकशी आलीय. पार्ट मिलिटरीच्या गाडीत जाणार म्हणतात. मी तो केला तर पाप लागेल का?" लष्करातून निवृत्त झालेले एक काका शेजारी उभे होते. आम्ही तोंड उघडण्याआधीच ते म्हणाले, "पाप कसलं रे बाळा? त्या गाडीत आपलीच पोरं बसत्यात."

आम्ही त्याला त्या दिवशी धड उत्तर दिले नाही. पुढच्या रविवारी बोलू, असे म्हणून वेळ मारून नेली. पण आठवडाभर तो प्रश्न मनातून गेला नाही. तो त्या तरुणाचा एकट्याचा नाही, असे वाटू लागले, म्हणून येथे लिहीत आहोत.

प्रथम काकांचे म्हणणे घेऊ. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, गडचिरोली जिल्ह्यात जांभुळखेड्याजवळ नक्षलवाद्यांनी भूसुरुंग उडवला. त्यात पोलीस दलाचे १५ जवान आणि गाडीचा चालक ठार झाले. ते साध्या खासगी गाडीतून निघाले होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने पुण्याच्या भारत फोर्ज कंपनीला 'कल्याणी एम-४' या चिलखती गाड्यांची सुमारे १७८ कोटी रुपयांची ऑर्डर दिली. सुरुंग फुटला तरी आतली माणसे वाचावीत, यासाठीच अशा गाड्यांची बांधणी असते. गाडीचे पोलाद जाड असावे, असे ज्या आईला वाटते तिला आम्ही कोणत्या तोंडाने पापाचे नाव सांगणार?

विमानांचेही तसेच आहे. नाशिकजवळ ओझर येथे १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला, तो मिग-२१ विमाने बनविण्यासाठी. ही विमाने वायुदलात सप्टेंबर २०२५ पर्यंत उडत राहिली. मिग जातीच्या विमानांचे तोवर ४८२ अपघात झाले असून त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत्युमुखी पडले, अशी माहिती २०१२ साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत दिली होती. कारणे मानवी चुकांची होती तशीच यंत्रातील बिघाडाचीही होती. नवी विमाने वेळेवर आली नाहीत, म्हणून जुनी चालवावी लागली. म्हणजे खरेदी न करण्यालाही किंमत असते, आणि ती दुसऱ्याचा मुलगा चुकवतो. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच ओझरमध्ये तयार झालेले पहिले तेजस मार्क-१ए आकाशात झेपावले, तेव्हा आपल्याला आनंद झाला. तो आनंद चुकीचा नव्हता.

पण येथे थांबणे आम्हांला जमत नाही. ओझरचा कारखाना स्थापन झाला त्याच १९६४ साली, डिसेंबरमध्ये, पोप सहावे पॉल युकॅरिस्टिक काँग्रेससाठी मुंबईला आले होते. राष्ट्रांनी शस्त्रस्पर्धा थांबवावी आणि त्या खर्चातला वाटा गरिबांसाठी उभारलेल्या जागतिक निधीत घालावा, असे आवाहन त्यांनी आपल्याच मुंबईतून जगाला केले. कारखाना वाढत गेला. तसा निधी मात्र जगाने उभारला नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ तेजस विमानांचा करार झाला. रक्कम ६२,३७० कोटी रुपयांहून अधिक, म्हणजे सोबतची साधनसामग्री धरून एका विमानामागे सुमारे ६४० कोटी. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी होते, तर आरोग्य मंत्रालयासाठी जवळपास १ लाख कोटी. राज्ये आरोग्यावर वेगळा खर्च करतात, हे खरे. तरीही जत-आटपाडीकडून मिरजेला उपचारासाठी येणारी, दागिना गहाण ठेवून औषध घेणारी माणसे आपण पाहतो. त्यांना या आकड्यांविषयी काही विचारण्याचा हक्क नाही का? शिवाय चिलखती गाडी ही बरीचशी ढाल आहे, लढाऊ विमान मात्र तलवारही आहे. त्याचा बॉम्ब जेथे पडतो, तेथेही कोणाची तरी आई असते.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली या दोन्ही बाजू एकत्र धरल्या. शांततेचे सारे मार्ग संपल्यावर स्वसंरक्षणाचा हक्क राष्ट्राला नाकारता येत नाही, असे तिने म्हटले. सरसकट शहरे उद्ध्वस्त करणे हा देवाविरुद्ध आणि मानवाविरुद्ध अपराध आहे, हेही सांगितले. आणि शस्त्रस्पर्धेची इजा गरिबांना पोहोचते, असा इशारा दिला.

मग त्या तरुणाला काय सांगावे? सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्हांला तीन प्रश्न विचारायला शिकवले होते. दुसऱ्याच्या वाईट हेतूत माझाही हेतू मिसळला आहे का? माझे काम त्या कृत्याच्या किती जवळ आहे? आणि ते करण्यास तितकेच मोठे कारण आहे का? या कसोटीवर, जवानाचा जीव वाचविणाऱ्या गाडीचा पार्ट करण्यात पाप नाही, असे आम्ही त्याला सांगू. मात्र गेजमध्ये न बसणारा पार्ट महिनाअखेरीच्या घाईत पास केला, तर ते पाप नक्की आहे, कारण त्या गाडीत बसणारा त्याच्या शब्दावर विसंबलेला असतो. आणि उद्या माणूस न पाहता सरसकट नाश करणाऱ्या शस्त्राचा जॉब आला, तर त्याने नाही म्हणावे.

पण "नाही म्हण" हे सांगणे आम्हांला सोपे आहे. रोजगार त्याचा बुडेल, घराचा हप्ता त्याचा थकेल. त्या दिवशी त्याची चूल पेटती ठेवण्याची आपली तयारी नसेल, तर त्याला उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

खरे तर त्याने निदान विचारले तरी. लोखंडाला हात त्याचा लागतो, म्हणून त्याला प्रश्न पडला. आपला हात फक्त वर्तमानपत्राला लागतो. "आपण इतकी विमाने घेतली," असे आपण सहज म्हणतो, आणि ते बरोबरच आहे, कारण पैसा आपल्या करातून जातो. मग त्या खरेदीचे ओझेही आपलेच. विमान चालविणाऱ्याची काळजी, ज्याच्यावर ते रोखले जाते त्याच्याविषयी दया, आणि ज्याच्या वाट्याचा पैसा त्यात गेला त्याची आठवण, या तिन्ही गोष्टी आपल्या प्रार्थनेत आहेत का?

तलवारी मोडून नांगराचे फाळ घडवले जातील, असे यशया संदेष्ट्याने सांगितले. आपल्या भागाला हे स्वप्न परके नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि किर्लोस्करवाडीत त्या वितळवून नांगर झाले, असे आपल्याकडे आजही सांगतात. तो दिवस पुन्हा कधी येईल, आम्हांला ठाऊक नाही. तोवर आपल्या त्या मुलाने गेज चोख ठेवावे, आणि आपण आपले मन.

येत्या रविवारी मिस्सानंतर तो आणि काका दोघेही थांबणार आहेत. ज्यांना हा प्रश्न पडतो, त्यांनीही थांबावे.

आपले धर्मगुरू