फुकटच्या विमान तिकिटाचे पैसे कोण भरतो?



2024 साली जळगावहून गोवा, हैदराबाद, पुणे आणि मुंबईसाठी विमाने उडू लागली. त्याआधी 2017 आणि 2019 साली सुरू झालेल्या सेवा बंद पडल्या होत्या, म्हणून या बातमीचा आनंद मोठा होता. त्याबरोबर आपल्या घरांत एक नवा प्रश्नही आला: कोणते क्रेडिट कार्ड घेतले म्हणजे विमानाचे पॉइंट जास्त मिळतील?

प्रश्न साधा आहे आणि त्याचा हिशेबही करावाच. कार्ड ज्या विमान कंपनीचे, तिचे विमान आपल्या जवळून उडते का? धुळ्याच्या माणसाला विमान पकडायला जळगाव, नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. त्या गाडीचे भाडे पॉइंटमधून मिळत नाही. कार्डाची वार्षिक फी किती? पॉइंट किती दिवस टिकतात? 2012 साली किंगफिशरची उड्डाणे थांबली आणि प्रवाशांनी साठवलेले पॉइंट निरुपयोगी झाले. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा पॉइंट वाचले, पण योजना बदलली. पॉइंट म्हणजे बँकेत ठेवलेला पैसा नव्हे. त्याचे नियम देणारा ठरवतो आणि बदलतोही तोच.

पण याहून मोठा प्रश्न वेगळाच आहे. हे तिकीट ‘फुकट’ मिळते, तर त्याचे पैसे भरतो कोण?

पहिला वाटा दुकानदाराचा. आपण क्रेडिट कार्ड स्वाइप करतो तेव्हा शंभर रुपयांमागे साधारण दीड ते तीन रुपये त्याच्या हाती पडत नाहीत. ते बँका आणि कार्ड कंपन्यांमध्ये वाटले जातात आणि आपले पॉइंट त्यातूनच निघतात. फुले मार्केटमधला किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवरचा व्यापारी हा खर्च शेवटी मालाच्या भावात धरतो. मग तोच भाव रोख पैसे मोजणारी मोलकरीणही देते. तिला पॉइंट मिळत नाहीत.

दुसरा वाटा बिल वेळेवर न भरू शकणाऱ्याचा. समजा, एखाद्या तरुणाने कार्डावर 20,000 रुपयांची खरेदी केली. शंभराला दोन पॉइंट आणि एका पॉइंटची किंमत 50 पैसे धरली, तर त्याला 200 रुपयांचा लाभ झाला. पण बिल थकले आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के असले, तर एका महिन्याचे व्याज 700 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 126 रुपये, म्हणजे 826 रुपये गेले. वर नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. ‘किमान रक्कम भरा’ हे शब्द दिलासा देणारे वाटतात. प्रत्यक्षात त्यांनी मुद्दल फारसे हलत नाही.

1745 साली पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी ‘विक्स पेर्वेनीत’ या परिपत्रकात सांगितले की, केवळ उसने दिले एवढ्याच कारणासाठी मुद्दलाहून जास्त घेणे अन्यायाचे आहे. मात्र इतर न्याय्य कारणांसाठी मोबदला घेता येतो, हेही त्यांनी मान्य केले. बँकेचे आजचे जग त्या काळापेक्षा खूप निराळे आहे. पण गरजवंताची अडचण हा कोणाचा नफा होतो, हे विचारण्याची सवय आपण सोडू नये.

कोणी म्हणेल, “मी पॉइंट घेतले नाहीत, म्हणून त्या मोलकरणीला काय मिळणार? ते बँकेकडेच राहतील.” हे खरे आहे. जो दरमहा पूर्ण बिल भरतो आणि मिळालेल्या पॉइंटवर मुलीला भेटायला जातो, तो कोणाची चोरी करत नाही. त्याला पापी ठरवण्याचे कारण नाही. मात्र जिथे निवड आपल्या हातात आहे, तिथे आपण जबाबदार आहोत.

अशा दोन जागा तरी आहेत. लहान दुकानात चार पॉइंटांसाठी कार्ड पुढे करण्याऐवजी रोख द्यावे, किंवा बँक खात्यातून यूपीआयने द्यावे. त्यात दुकानदाराची कमाई कापली जात नाही. दुसरी जागा अधिक नाजूक आहे. ‘ओळखीच्या माणसाला कार्ड घ्यायला लावा आणि जादा पॉइंट मिळवा’ अशा योजना असतात. नुकताच नोकरीला लागलेला भाचा, किंवा केळीचे पैसे हातात आल्यावरच उधारी फेडणारा शेजारी: त्याला बिल झेपणार नाही हे आपल्याला ठाऊक असते. तरी आपण त्याचे नाव दिले, तर आपले तिकीट त्याच्या व्याजातून निघते. इथे पैसे भरणारा अनोळखी राहत नाही. तो आपल्याच घरातला, आपल्याच गल्लीतला असतो.

म्हणून कार्ड निवडताना फी, पॉइंट आणि विमान यांचा हिशेब जरूर करा. त्याच कागदावर आणखी एक ओळ लिहा: माझ्या या लाभासाठी कोण मोजतो आहे, आणि त्याला मी ओळखतो का? भाच्याला कार्डाची लिंक पाठवण्याआधी त्याच्याजवळ बसून त्याचा महिन्याचा खर्च मांडून पाहा. त्यात आपले पॉइंट बुडाले तर बुडू द्यावेत.