जर्नलातील साक्ष

जून महिना लागतो, खान्देशात पावसाची चाहूल लागते आणि जळगावातील पुस्तकांच्या दुकानांपुढे पालकांची गर्दी उसळते. घरी येणाऱ्या वह्या-पुस्तकांच्या गठ्ठ्यात एक जाडसर वही हमखास असते. तिचे एक पान रेघांचे, दुसरे कोरे. विज्ञानाचे हे जर्नल वर्षभर दप्तरात फारसे दिसत नाही. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात मात्र ते घरातील सर्वांची झोप उडविते. ताई आकृत्या काढते, आई नावे घालते, विद्यार्थी स्वतः मित्राच्या वहीवरून मजकूर उतरवितो. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असा तो मजकुराचा ठरलेला क्रम. या पाचांपैकी चार बाबी पुस्तकातून उतरवून घेतल्या तर आमची फारशी तक्रार नाही. आम्हांस विचारात पाडते ती चौथी बाब, निरीक्षण.

या प्रश्नाकडे आम्ही का वळलो, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही जळगावच्या एका शाळेत नववीच्या वर्गास जीवशास्त्राचे प्रात्यक्षिक देत होतो. प्रयोग सर्वांच्या परिचयाचा. कुंडीतील रोप एक-दोन दिवस अंधारात ठेवावयाचे, म्हणजे पानांत साठलेला स्टार्च रोप स्वतःच वापरून टाकते. मग एका पानाच्या मध्यभागी काळ्या कागदाची पट्टी लावून रोप काही तास उन्हात ठेवावयाचे. शेवटी ते पान पाण्यात उकळून, गरम पाण्यात ठेवलेल्या स्पिरिटमध्ये त्याचा हिरवा रंग काढून त्यावर आयोडीन टाकावयाचे. उन्हातला भाग निळा-काळा होतो, पट्टीखालचा होत नाही. प्रकाशावाचून पान अन्न तयार करीत नाही, हे मुलांना डोळ्यांनी दिसावे हा हेतू.

आमचे जास्वंदीचे पान मात्र सर्वच्या सर्व काळवंडले. पट्टीखालचा भागही. तास संपत आला होता. आम्ही म्हणालो, "काहीतरी चुकले असेल, पुस्तकात आहे तसे लिहा." बेचाळीस मुलांपैकी एक्केचाळीस जणांनी तसे लिहिले. एका मुलीने लिहिले, 'संपूर्ण पान निळे-काळे झाले.' तपासताना आम्ही त्या ओळीवर लाल शाईची फुली मारून गुण कापले. ती वही घेऊन टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, "सर, पण मला तसंच दिसलं होतं."

आम्ही तिला काय उत्तर दिले ते आज आठवत नाही. बहुधा काहीच दिले नसावे. दोन दिवसांनी प्रयोगशाळेतील शिपाई मामांशी बोलताना उलगडा झाला. शनिवारी अंधाऱ्या कपाटात ठेवलेले रोप कोमेजेल या भीतीने त्यांनी ते रविवारी व्हरांड्यातल्या उन्हात ठेवले होते आणि सोमवारी आम्ही येण्यापूर्वी परत आत नेले होते. पानातला स्टार्च संपलेलाच नव्हता. म्हणजे पान खरे बोलत होते. ते काय बोलले याची नोंद साऱ्या वर्गात एकाच वहीत होती आणि तिच्यावर आम्ही फुली मारली होती.

या गोष्टीत विशेष काय, असे कोणी विचारील. शाळेतील प्रयोग हा शोध नसतो, सराव असतो. त्याचे उत्तर शतकापूर्वीच निश्चित झाले आहे. विद्यार्थ्याने पुस्तकातील निरीक्षण उतरवले तर कोणाची फसवणूक होते? शिक्षकाला उत्तर ठाऊक आहे, परीक्षकाला ठाऊक आहे. दहावीला शास्त्राच्या शंभर गुणांत प्रात्यक्षिकाचे वीस, बारावीला जीवशास्त्राच्या शंभरांत तीस. तेवढ्यासाठी पोराच्या भवितव्याशी खेळ कशाला? हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. आम्हीही तो अनेक वर्षे मनाशी केला आहे.

पण 'निरीक्षण' या शब्दाखाली जे वाक्य येते त्याचा कर्ता कोण, हे पाहिले पाहिजे. 'प्रकाशाच्या साहाय्याने वनस्पती अन्न तयार करतात' हे विधान कोणीही पुस्तकावर विसंबून करू शकतो. त्यात लबाडी नाही. 'पट्टीखालचा भाग निळा झाला नाही' हे मात्र विधान नव्हे, ती साक्ष आहे. लिहिणारा 'मी तेथे होतो, मी पाहिले' असे म्हणत असतो. दहा आज्ञांतील आठवी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोट्या साक्षीचा निषेध करते, हे आपण पहिल्या कम्युनियनच्या वर्गात शिकतो. जास्वंदीचे पान काही आपला शेजारी नव्हे, असे म्हणून आम्ही स्वतःचे समाधान करून घेणार होतो. मग ध्यानात आले की शेजारी त्याच बाकावर बसली होती. एक्केचाळीस जणांनी एकमुखाने खोटी साक्ष दिली म्हणूनच तिची खरी साक्ष चुकीची ठरली. आणि ती साक्ष देण्यास आम्हीच सांगितले होते.

अशा वेळी प्रयोगशाळेतील जुने शिक्षक बेडकाची आठवण काढतात. बेडूक गेला आणि प्रात्यक्षिकांतला जीव गेला, असे ते म्हणतात. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातच सांगितले आहे की, जेथे पुस्तके, प्रतिकृती, चित्रफिती यांनी भागते तेथे शिक्षणासाठी प्राण्यांवर प्रयोग टाळावेत. पुढे शाळांतून आणि २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या निर्देशाने महाविद्यालयांतूनही विच्छेदन मागे पडले. आम्हांस त्याचे दुःख नाही. त्या दिवसांत ट्रेमध्ये बेडूक टाचण्यांनी ताणून ठेवलेला असे आणि त्याच्या शेजारी विद्यार्थी पुस्तकातील आकृती पाहून हृदयाचे कप्पे काढीत असे. ख्रिस्तसभेची १९९२ ची श्रद्धाशिकवण प्राण्यांवरील शास्त्रीय प्रयोगांना मर्यादेत मान्यता देते, पण विनाकारण त्यांना पीडा वा मृत्यू देणे मानवी प्रतिष्ठेस सोडून आहे असेही सांगते. ज्याच्याकडे कोणी पाहिलेच नाही, त्या बेडकाचे मरण याहून अधिक विनाकारण कसे असू शकते?

पाहण्याच्या प्रामाणिकपणाचा विचार करताना आम्हांस दोन माणसे आठवतात. निकोलस स्टेनो हे पहिले. हृदय हा एक स्नायू आहे हे दाखविणारे हे शरीरशास्त्रज्ञ १६६५ साली पॅरिसमध्ये मेंदूवर व्याख्यान देण्यास उभे राहिले आणि मेंदूविषयी आपणांस काही ठाऊक नाही, या जाहीर कबुलीने त्यांनी सुरुवात केली. पुढे ते कॅथलिक झाले, धर्मगुरू झाले, बिशप झाले. १९८८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले.

दुसरे, अर्थातच, ग्रेगोर मेंडेल. ब्रनो येथील संत थॉमस मठातील हे ऑगस्टिनियन संन्यासी शाळेत विज्ञान शिकवीत, आणि शिक्षकाच्या परीक्षेत मात्र उत्तीर्ण होऊ शकले नाहीत. आम्हां शिक्षकांना याचा थोडा दिलासा वाटतो. १८५६ ते १८६३ या काळात त्यांनी वाटाण्याची हजारो रोपे वाढविली. एका प्रयोगात ७,३२४ बियांपैकी ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेल्या निघाल्या. जवळजवळ तीनास एक. १९३६ साली संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी हे आकडे तपासले आणि शंका काढली की ते अपेक्षेशी प्रमाणाबाहेर जुळतात. त्यांनी ठपका मेंडेल यांच्यावर ठेवला नाही. काय अपेक्षित आहे हे नीट ओळखून असलेला एखादा मदतनीस असावा, असा त्यांचा कयास. या शंकेवर पुढे कित्येक दशके वाद झाले आणि मेंडेल यांना लबाड मानण्यास बहुतेक अभ्यासक आज तयार नाहीत. पण तो कल्पनेतला मदतनीस आमच्या मनातून जात नाही. गुरुजींना काय हवे हे ओळखणारे तसे एक्केचाळीस मदतनीस आम्ही एका तासात तयार केले होते.

मेंडेल यांच्याविषयी आम्हांस सर्वांत आदर वाटतो तो वाटाण्यामुळे नव्हे. त्यांनी नंतर हॉकवीड नावाच्या रानफुलावर वर्षानुवर्षे संकराचे प्रयोग केले. त्याने वाटाण्याचा नियम पाळला नाही. का, ते त्यांना कळण्याजोगे नव्हते. या वनस्पतीत बहुधा फलनावाचूनच बी धरते, हे पुढे उघड झाले. मेंडेल यांनी नियमाशी न जुळणारे ते निष्कर्ष जसेच्या तसे छापण्यास दिले. त्यांचे मोठेपण जगाने १९०० साली ओळखले, ते निवर्तल्यास तेव्हा सोळा वर्षे झाली होती.

येथे एखादा भाविक वाचक अडेल. न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना प्रभू येशूने धन्य म्हटले आहे; मग पाहण्याचा एवढा आग्रह कशासाठी? ज्याच्या नावाने मेंडेल यांचा मठ होता, त्या प्रेषित थॉमसाकडे पुन्हा एकदा वळावे. दरवर्षी ३ जुलै रोजी, शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असताना, आपण त्याचा सण साजरा करतो आणि त्याला थोडे हसतोही. पण त्याने एक गोष्ट केली नाही. इतर शिष्यांनी प्रभूला पाहिले होते, त्याने पाहिले नव्हते. आणि दहा जणांच्या मेळाव्यात त्याने 'मीही पाहिले' असे म्हटले नाही. आठ दिवस तो आपल्या न पाहण्यासह त्यांच्यात राहिला. त्यांनीही त्याला तोंडदेखले 'हो' म्हणावयास लावले नाही, बाहेरही काढले नाही. आम्ही शिक्षक म्हणून त्या दहा जणांपुढे फार उणे पडलो.

शिवाय न पाहता विश्वास ठेवणारे आपण कशावर विसंबतो? ज्यांनी पाहिले त्यांच्या शब्दावर. पाहिलेले आणि ऐकलेले यांत ज्यांनी सरमिसळ केली नाही, त्यांच्या शब्दावर. पुस्तकावर श्रद्धा ठेवणे हे विद्यार्थ्याला कमीपणाचे नाही. शाळेतील नव्वद टक्के ज्ञान आपण सारे तसेच घेतो. पण 'पुस्तक असे सांगते' आणि 'मला असे दिसले' या दोन ओळी त्याला वेगवेगळ्या लिहिता आल्या पाहिजेत. त्या दोहोंत अंतर पडले तर ते कोठून आले, याचा शोध घेण्यासाठीच तर प्रयोगशाळा असते.

त्या मुलीचे गुण आम्ही दुरुस्त केले. वर्गापुढे चूक कबूल करण्यास मात्र आठवडा लागला, आणि तोही पापनिवेदनात धर्मगुरूंनी साधा प्रश्न विचारला म्हणून. 'तिला सांगितलेत का?' एवढेच ते म्हणाले होते.

पुढील वर्षी आम्ही एक प्रयोग बदलला. जळगावात केळीला तोटा नाही. प्रत्येकाने घरून एक कच्चे, एक अर्धपिके आणि एक पिकलेले केळे आणावयाचे, चकत्या कापून त्यांवर आयोडीन टाकावयाचे आणि दिसेल ते लिहावयाचे. कच्चे केळे स्टार्चमुळे काळेभोर होते, पिकलेले जवळजवळ होत नाही, कारण पिकताना स्टार्चची साखर होते. अर्धपिके मात्र प्रत्येकाचे निराळे. कुठे गडद, कुठे फिके, कुठे ठिपके ठिपके. कोणाचे रावेरचे, कोणाचे यावलचे, कोणाचे घरामागच्या खोडाचे. त्याचे उत्तर उतरवून घेण्याची सोय नव्हती. वह्या तपासण्यास दुप्पट वेळ लागला. एका मुलाने तिसऱ्या रकान्यात लिहिले होते, 'पिकलेले केळे मधल्या सुट्टीत खाल्ले, म्हणून निरीक्षण नाही.' त्या ओळीखाली आम्ही तारीख घातली आणि सही केली.