कॉपी-पेस्टचा त्याग



आजचं वाचन गीतेच्या सहाव्या अध्यायातला दहावा श्लोक. ध्यानाला बसणाऱ्याची तयारी कशी हवी, हे सांगताना तिथे एक शब्द येतो: अपरिग्रह. म्हणजे गरजेपलीकडचा साठा न करणं.

मी सध्या इंग्लंडमध्ये राहतो. इथे घरातला साठा कमी करणं फारच सोपं झालंय. जुन्या म्युझिक सीडी नको असतील तर वापरलेल्या सीडी विकत घेणाऱ्या एखाद्या कंपनीकडे जायचं. कव्हरमागचा बारकोड मोबाईलने स्कॅन केला की भाव दिसतो. बहुतेक सीडींना काही पेन्सच मिळतात. पटलं तर खोक्यात भरून पाठवायच्या, त्यांनी तपासल्या की पैसे खात्यात. कपाट रिकामं, मन हलकं.

इथल्याच एका मराठी मित्राने मला विचारलं, "पाठवण्याआधी सगळी गाणी लॅपटॉपवर कॉपी करून ठेवतो. काय हरकत आहे? सीडीचे पैसे तर मी केव्हाच दिलेत!"

प्रश्न छोटा वाटतो, पण मला तो बरेच दिवस सोडेना.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. वापरलेली सीडी विकण्यात काहीच गैर नाही. त्या विक्रीतून गायकाला काही मिळत नाही हे खरं, पण प्रत एकच राहते, फक्त हात बदलतात. आपल्या भाषेत सांगायचं तर हे कट-पेस्ट आहे. कॉपी ठेवून विकलं की ते कॉपी-पेस्ट होतं. पैसे एका प्रतीचे दिले होते, ऐकणारी घरं मात्र दोन झाली. शिवाय विक्रीचे पैसेही आपल्याच खिशात!

इथल्या कायद्याची गंमत बघा. ऑक्टोबर 2014 मध्ये ब्रिटनने स्वतःच्या वापरासाठी सीडी कॉपी करायला परवानगी दिली. जुलै 2015 मध्ये हायकोर्टाने तो नियमच रद्द केला. पण परवानगी होती त्या काळातही एक अट होतीच: मूळ सीडी दुसऱ्याला दिली तर आपली कॉपी ठेवायची नाही. म्हणजे नियम आला नि गेला, पण हा मुद्दा कधीच सैल झाला नाही.

तरी कोणी तपासायला येत नाही, नाही का? म्हणूनच हा प्रश्न कायद्याचा कमी आणि साधनेचा जास्त आहे.

पतंजलींच्या पाच यमांमध्ये अपरिग्रह पाचवा आहे. अस्तेय, म्हणजे चोरी न करणं, तिसरं आहे. मला हा क्रम फार बोलका वाटतो. पाचवी पायरी चढल्याच्या आनंदात तिसरी वगळली, तर चढलो कुठे?

आणि खरं सांगू का, कॉपी ठेवली की अपरिग्रहसुद्धा होत नाही. कपाटातली वस्तू फक्त हार्ड डिस्कवर गेली. 44,100 हर्ट्झवर रेकॉर्ड झालेला तोच आवाज, तीच आसक्ती, फक्त धूळ पुसायची कटकट गेली. काहीच न गमावता केलेल्या गोष्टीला त्याग म्हणायचं का? ती आवराआवर झाली. आवराआवर चांगलीच, पण तिला मोठं नाव देऊ नये.

मग मी काय करतो? खोक्यात टाकण्याआधी प्रत्येक सीडी एकदा पूर्ण ऐकतो. स्वतःला विचारतो, "ही गेली आणि कॉपीही पुसली, तर चालेल?" हो म्हटलं तर दोन्ही जातात. नाही म्हटलं तर सीडी कपाटातच राहते. अशा अकरा राहिल्यात. बाजारात त्यांना फार तर एका कॉफीचे पैसे मिळाले असते. त्यातली एक घर सोडून आलो त्या वर्षी मी रोज रात्री ऐकायचो. ती मला हवी आहे, आणि हे उघडपणे मान्य करण्यात मला कमीपणा वाटत नाही. लपवून धरण्यापेक्षा सरळ धरलेलं बरं. निदान काय सोडायचं बाकी आहे, ते रोज समोर दिसतं.

आज तुम्हीही काहीतरी द्याल, विकाल किंवा डिलीट कराल. तेव्हा एवढंच बघा: ते कट आहे की कॉपी?

राम कृष्ण हरी 🙏