शरणागतीचे गाणे

दफनविधीच्या वेळी आमच्या चर्चमधून प्रभूच्या इच्छेपुढे मस्तक नमविणारी गीते म्हटली जातात. बाहेर अंगणात मात्र कोणीतरी हळूच म्हणतो, "नशिबात होता ता झाला." या दोहोंचा अर्थ एकच, असे आपण कळत-नकळत मानू लागलो आहोत काय? हा प्रश्न आम्हांस अगत्याचा वाटतो.

मराठी ख्रिस्ती गीतांची परंपरा जुनी आहे. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. पुढे कोकणातच जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्या भजनांतून संतांचा शरणभाव ख्रिस्ती उपासनेत रुजला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. हा शरणभाव पित्यापुढचा आहे. नशिबाशी बोलता येत नाही. पित्याशी बोलता येते, प्रसंगी भांडताही येते.

गेथशेमनी बागेत प्रभूने दुःखाचा प्याला टळावा अशी प्रथम याचना केली आणि मग पित्याची इच्छा स्वीकारली. याचना गाळून केवळ स्वीकार गाणे ही अर्धीच प्रार्थना होय. पवित्र मरियेनेही देवदूताला आधी प्रश्न विचारला, नंतर होकार दिला. पुढे एलिझाबेथच्या घरी तिने गायिलेल्या स्तोत्रात तर बलवंत सिंहासनावरून खाली येतात. देवापुढे वाकलेली मान माणसापुढे लाचार होत नाही, हे त्या स्तोत्राचे मर्म आहे.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने आमच्या किनाऱ्यावरील घरे, होड्या व माड यांची मोठी हानी केली. ते वादळ थोपविणे कोणाच्या हाती नव्हते. परंतु इशारा धुडकावून होडी दर्यात लोटणे, दारूपायी संसार बुडविणे, आजाऱ्यास वेळीच डॉक्टरांकडे न नेणे, यांस देवाची मर्जी म्हणणे म्हणजे आपला दोष देवाच्या माथी मारणे होय.

आणखी एक गोष्ट. शरणागतीचे गीत दुःखिताने आपणहून म्हणावयाचे असते; इतरांनी ते त्याच्यावर लादू नये. ज्या आईचा मुलगा दर्यातून परतला नाही, तिच्या ओठी ते लगेच येणार नाही. तिचा आक्रोश हीदेखील प्रार्थनाच आहे, आणि स्तोत्रसंहितेत अशा आक्रोशाला मानाचे स्थान आहे. तोवर आपण तिच्याजवळ बसावे, तिच्या वतीने ते गीत हलक्या स्वरात म्हणावे, आणि तिने स्वर मिळवावा अशी घाई करू नये.