परवानगीवाचून केलेले सत्कार्य

हेतू शुद्ध असला म्हणजे नियम मोडणे क्षम्य ठरते काय, हा प्रश्न जुनाच आहे. चंदीगड येथील रॉक गार्डन पाहण्याचा योग आम्हांस आला, तेव्हा तेथील अरुंद वाटांनी हिंडत असता हाच प्रश्न पावलोपावली आमच्यासमोर उभा राहिला.

या उद्यानात मूर्तींच्या रांगाच्या रांगा उभ्या आहेत. कोणी फुटक्या बांगड्यांचे वस्त्र ल्याली आहे, कोणाचे अंग कपबश्यांच्या ठिकऱ्यांनी मढविले आहे. माणसे आहेत, वानरे आहेत, पक्षी आहेत. संसारातून जे जे म्हणून आपण उकिरड्यावर टाकतो, ते ते येथे रूप धारण करून उभे आहे.

हे घडविणारे नेकचंद सैनी १९२४ साली आज पाकिस्तानात असलेल्या एका खेड्यात जन्मले आणि फाळणीमुळे निर्वासित होऊन भारतात आले. ल कॉर्बुझिए या वास्तुकाराच्या आराखड्यावरून चंदीगड उभे राहत होते. नेकचंद तेथे सरकारी बांधकाम खात्यात रस्त्यांवरील निरीक्षक होते. नव्या नगरासाठी जुनी खेडी उठविली गेली. त्यांचा राडारोडा नेकचंद सायकलवरून वाहून नेत आणि सुखना तलावाजवळील रानात नोकरीच्या वेळेबाहेर एकटेच काम करीत. त्या राखीव जागेत बांधकामास मनाई होती. सुमारे अठरा वर्षे हा उद्योग गुप्तपणे चालला. १९७५ च्या सुमारास तो उघडकीस आला, तोवर त्याने सुमारे बारा एकर जमीन व्यापली होती. नियमाप्रमाणे सर्व पाडून टाकणे शक्य होते. परंतु १९७६ साली ते उद्यान लोकांस खुले झाले, नेकचंदांस त्याच कामावर वेतन व हाताखाली मजूर मिळाले, आणि १९८४ साली पद्मश्रीचा मानही लाभला. २०१५ साली ते निवर्तले.

येथे कोणी म्हणेल, "मग आमच्या कोपऱ्यावरील दगडास कोणी शेंदूर फासला आणि वर छप्पर घातले, तर बिघडले कोठे? तेथे तर प्रत्यक्ष देव आहे!" वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. म्हणूनच तो नीट पारखून घेतला पाहिजे.

नेकचंदांनी त्या जागेवर स्वतःसाठी घर बांधले नाही, दुकान थाटले नाही, पेटी ठेवली नाही. काम उघडकीस आले तेव्हा ते सर्वांचे झाले, आणि ते स्वतः त्याचे चाकर राहिले. पुढे उद्यानावर संकट आले तेव्हा ज्यांची तेथे तसूभरही मालकी नव्हती असे नागरिक पुढे सरसावले. २०२५ साली रस्ता व वाहनतळासाठी भिंतीचा काही भाग पाडला गेला, तेव्हाही नागरिकांनीच निषेध केला. उलट, कोपऱ्यावरील दगडाचा क्रम आपण सर्वांनी पाहिला आहे. आधी दगड, मग छप्पर, मग दानपेटी, मग शेजारी दुकान. आणि नगरपालिकेची माणसे आली की देवास पुढे करायचे. ज्याने आपले रक्षण करावे त्यालाच आपल्या लोभाचा पहारेकरी नेमणे, यास भक्ती कोण म्हणेल?

तथापि, एवढ्याने नेकचंदांचे कृत्य नियम ठरत नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. आपले काम सुंदर व पवित्र आहे असे प्रत्येकासच वाटते. फळ पाहून न्याय करावयाचा, तर आरंभी कोणासच अडविता येणार नाही. एखाद्या अधिकाऱ्याने ते सर्व पाडले असते, तर त्यास कर्तव्यच्युत म्हणता आले नसते. क्षमा मिळणे निराळे आणि अधिकार असणे निराळे. नेकचंदांस क्षमा मिळाली. अधिकार त्यांस कधीच नव्हता. परवानगीवाचून सत्कार्य करू इच्छिणाऱ्याने ते एका दिवसात मातीस मिळेल हे मनाशी धरूनच हात घालावा. त्याची तयारी नसेल, तर हेतू तितका शुद्ध नव्हता असेच समजावे.

सार्वजनिक रस्ते, उद्याने व जागा यांवर कोणत्याही धर्माचे नवे अनधिकृत प्रार्थनास्थळ होऊ देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली गुजरातमधील एका प्रकरणात दिला. हे परक्याने सांगितले तर लोक त्यास धर्मद्वेष्टा म्हणतील. आम्ही देवळाच्या ओवरीत वाढलो. म्हणून हे बोलणे आमच्याकडेच येते. आपल्या उत्सवाचा मंडप रस्त्याचा किती भाग अडवितो आणि उत्सव सरल्यावर किती दिवस तसाच राहतो, हे सभासद कुटुंबांनी येत्या सभेपूर्वी एकदा मोजून पाहावे. दुसऱ्याच्या कोपऱ्यावरील दगडाविषयी बोलण्याचा अधिकार त्यानंतरच आपणांस येईल.