न कळणाऱ्याने बोलावे काय?

तंत्रज्ञानाची किंवा विज्ञानाची बातमी कानावर पडताच सामान्य माणूस जे पटकन बोलून जातो, ‘आता काय काय निघेल’ किंवा ‘हे काही खरे नाही’, त्या बोलण्याला काही किंमत आहे काय, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु ज्या शहराच्या रस्त्यांवर अशा बातम्या प्रत्यक्ष चालून येतात तेथे तो टाळता येत नाही. टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेला वसलेले फ्रिस्को हे असे शहर आहे. 2018 च्या जुलैअखेरीस ड्राइव्ह.एआय या कॅलिफोर्नियातील कंपनीच्या नारिंगी व्हॅन तेथील एका ठरलेल्या परिसरात धावू लागल्या. त्या चालवण्याचे काम संगणक करी, सुरुवातीला देखरेखीसाठी चालकाच्या जागी माणूस बसे, आणि रस्ता ओलांडणाऱ्यासाठी गाडी थांबली आहे की निघाली आहे हे तिच्या बाहेरील पडद्यांवर लिहून येई. पुढे 2022 च्या एप्रिलमध्ये विंग कंपनीचे ड्रोन औषधे आणि किरकोळ सामान दोरीने घरांच्या अंगणात उतरवू लागले. या शहरात मराठी कुटुंबे बरीच आहेत, त्यांतील अनेकांची उपजीविका संगणकावर चालते, आणि काही महिन्यांसाठी आलेले त्यांचे आईवडील संध्याकाळी याच रस्त्यांवर फिरायला निघतात. म्हणून प्रस्तुत वाद अशाच एका घरातील सून आणि सासरे यांच्यात झाला असे कल्पून पाहणे सोयीचे ठरते.

सुनेचा पक्ष असा की, मताला माहितीचा आधार हवा. “बाबा, 2018 च्या मार्चमध्ये ॲरिझोनातल्या टेम्पी गावी उबरच्या चाचणीतल्या गाडीखाली सायकल घेऊन रस्ता ओलांडणारी एक बाई गेली, तेव्हा जो तो म्हणाला की यंत्राला माणूस दिसतच नाही. चौकशीत निघाले ते वेगळेच. टक्कर होण्याच्या पाच सेकंदांहून अधिक आधी यंत्राला ती दिसली होती. पण ती वाहन आहे, अनोळखी वस्तू आहे की सायकल आहे, याचा निर्णय ते पुन्हापुन्हा बदलत राहिले. गाडी संगणकाच्या ताब्यात असताना तिचे मूळचे आपत्कालीन ब्रेक बंद ठेवलेले होते, आणि देखरेखीला बसलेल्या व्यक्तीचे लक्ष फोनमध्ये होते. यातली एकही गोष्ट त्या पटकन दिलेल्या मतात नव्हती.”

“नसेल,” सासरे म्हणतात, “पण तुझ्या यादीतली शेवटची गोष्ट पाहा. माणसाला नुसते बघत बसायला लावले की त्याचे लक्ष उडते, हे सांगायला संगणक शिकावा लागत नाही. आणि त्या बाईला प्रयोगात सामील व्हायचे आहे का, असे कोणी विचारले होते? व्हॅनमध्ये बसणारा निदान आपल्या मर्जीने बसतो. रस्त्याने जाणाऱ्याला ‘हे काही खरे नाही’ एवढेच म्हणता येते. तेही म्हणू नये, असे तू सांगतेस.”

हा आक्षेप बळकट आहे, कारण तो प्रश्न ज्ञानाकडून संमतीकडे नेतो. ज्याला यंत्र कळत नाही त्याला त्याची रचना सांगता येणार नाही, पण आपल्यावर काय लादले जात आहे हे सांगण्याचा त्याचा हक्क तेवढ्याने जात नाही. मात्र सून येथे फ्रिस्कोच्याच इतिहासातील असे उदाहरण काढते की सासऱ्यांना बराच वेळ त्यातून बाहेर पडता येत नाही.

या शहरात 1964 पासून जुन्या बॅटऱ्यांमधील शिसे वितळवून परत मिळवणारा कारखाना होता. शिसे शरीरात साठते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते. हवेत ते किती असलेले चालेल याची अमेरिकेतील मर्यादा 1978 मध्ये ठरली: एका घनमीटर हवेत दीड मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाची दीडपट. ती 30 वर्षे टिकली आणि 2008 मध्ये एकदम दहापट कडक करण्यात आली. “त्या काळात,” सून म्हणते, “गावाची वस्ती 1990 मधल्या सुमारे सहा हजारांवरून 2010 पर्यंत एक लाख सतरा हजारांच्या आसपास गेली. भट्टी चालू असताना लोक घरे घेत होते. सामान्यांची ती जाण तेव्हा कोठे होती? नारिंगी गाडी दिसते म्हणून तिची भीती वाटते; शिसे दिसत नाही म्हणून वाटत नाही. जी भीती दिसण्यावर चालते तिला मत कसे म्हणायचे?”

सासऱ्यांचे उत्तर उशिरा येते. “लोक गप्प राहिले ते कोणाच्या भरवशावर? दीड हा आकडा रस्त्यावरच्या माणसाने काढलेला नव्हता. जाणत्यांनी पुरेसा म्हटला, म्हणून न जाणत्यांनी घर घेतले. तू सांगतेस तसे ते वागले, बाळ: माहिती नाही म्हणून बोलले नाहीत.”

येथे दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि तोच अडचणीचा भाग आहे. मर्यादा कडक झाली ती शिशाच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्यांमुळे. परंतु नव्या मर्यादेनंतर शहरात जो दबाव उभा राहिला त्यात फ्रिस्को अनलेडेड या नावाने एकत्र आलेले रहिवासी होते, आणि त्यांना धातुशास्त्र येण्याची अट कोणी घातली नव्हती. कारखाना 2012 च्या नोव्हेंबरअखेरीस बंद झाला.

सून मग विषयच बदलते. 21 सप्टेंबर 1995 रोजी गणपती दूध पितो ही बातमी पसरली तेव्हा असंख्य लोकांनी चमचा स्वतः मूर्तीला लावून पाहिला होता. ती ऐकीव गोष्ट नव्हती, डोळ्यांसमोरचा अनुभव होता. द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पातळ कातड्यासारखा वागतो. तो मूर्तीला टेकला की दूध चमच्यातून ओढले जाते आणि पातळ थराने खाली ओघळते. शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून तो ओघळ दाखवला. “पाहणारे लाखो होते,” ती म्हणते, “पण दूध जाते कुठे, हे खाली वाकून पाहणारे किती होते?”

या प्रश्नाने वादाला नवी दिशा मिळते, आणि येथे सून तिच्या पहिल्या भूमिकेपेक्षा अधिक योग्य बोलते असे म्हटले पाहिजे. उथळ प्रतिक्रियेचा खरा दोष अज्ञान हा नसून ती एकदाच उमटते आणि तिच्याकडे कोणी परत वळून पाहत नाही, हा आहे. फ्रिस्कोतील व्हॅनची सेवा 2019 च्या मार्चमध्ये थांबली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ती कंपनी ॲपलने घेतली. सुरू होताना जे हरखले किंवा घाबरले त्यांतील किती जणांनी ती का थांबली असे विचारले असेल? भट्टी बंद झाल्याचेही असेच आहे. बंद होणे ही बातमी होती. त्या जमिनीतील आणि शेजारून वाहणाऱ्या स्ट्यूअर्ट क्रीक या ओढ्यातील शिशाची सफाई त्यानंतर वर्षानुवर्षे चालली, आणि ती मात्र कंटाळवाणी होती. ज्याने एकदा ‘हे काही खरे नाही’ म्हटले, त्याने त्या वाक्याची जबाबदारी घेऊन पुढची दोन वर्षे चौकशी केली, तर त्याचे अज्ञान माफ होण्याजोगे आहे. ज्याने केली नाही त्याचे मत, तो पदवीधर असला तरी, करमणुकीपलीकडे जात नाही.

सासऱ्यांना हे मान्य आहे, पण ते व्यवहाराचा प्रश्न पुढे करतात. “दिवसाला दहा बातम्या येतात. पोटापाण्याचे बघून माणूस फार तर एकीचा पाठपुरावा करील. ती एक कोणती?”

“जिचा परिणाम आपल्या घरावर होतो ती.”

“शिशाचा परिणाम होत होता, हे त्या घरांना कोणी सांगायचे?”

“मोजणाऱ्यांनी.”

“म्हणजे दीड म्हणणाऱ्यांनीच,” सासरे म्हणतात, आणि यावर सुनेजवळ उत्तर नाही. तिच्या विरोधात उभ्या असलेल्या सासऱ्यांजवळही नाही.