सुकाणू दुसऱ्याच्या हाती

कोणाचे ऐकावे आणि कोणाचे ऐकू नये, हा प्रश्न माणूस पाळण्यातून उतरल्या दिवसापासून त्याच्या मागे लागतो. लहानपणी आईवडिलांचे ऐकायचे, शाळेत मास्तरांचे, कचेरीत साहेबांचे आणि लग्नानंतर कोणाचे, हे दिवाळीच्या दिवसांत न सांगितलेलेच बरे! ज्याला ऐकावे लागते त्याला आपले स्वातंत्र्य गेल्यासारखे वाटते. जो ऐकवतो त्याला आपल्या अधिकाराची धाकधूक असते. पुराणांकडे निवाडा मागावा, तर तीही दोन्हीकडून बोलतात. पित्याच्या शब्दासाठी वनात जाणारा राम आपल्याला पूज्य आणि पित्याचा शब्द मोडणारा प्रल्हादही तितकाच पूज्य. दोघांच्या कथा आजी एकाच नातवाला, एकाच रात्री सांगते. आणि त्यातली कोणती केव्हा आचरणात आणायची, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे असते.

या प्रश्नाचा विचार करायला मला एक फार चांगली जागा सापडली आहे. ती म्हणजे शिडाची होडी. तीही नवख्या मंडळींनी भरलेली.

पावसाळा सरून समुद्र निवला, की मुंबईच्या बंदरात गेटवे ऑफ इंडियासमोर लहान लहान शिडाच्या होड्या डुलू लागतात. ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत त्यांचा हंगाम. ज्यांनी जन्मात कधी शिडाच्या दोराला हात लावलेला नाही अशा पाचसहा जणांना घेऊन सकाळी निघायचे, मांडव्याच्या बाजूला जायचे, डबे सोडायचे आणि दिवस मावळण्याच्या आत परत यायचे, अशा सहली आता पुष्कळ निघतात. अंतर काही फार नाही. सरळ रेषेत सुमारे चौदा किलोमीटर. इंजिनाची लाँच ते तासाभरात कापते. शिडाच्या होडीला मात्र सबंध दिवस पुरवून वापरावा लागतो, कारण तिथे घड्याळ वाऱ्याच्या हाती असते.

तो वारा मोठा नियमाचा. हिवाळ्यातल्या सकाळी तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्याला मतलई म्हणतात. जमीन रात्रीतून लवकर थंड होते, पाणी उबदार राहते, म्हणून हा ओघ. दुपारी ऊन चढले की सारे उलटते. जमीन तापते आणि समुद्रावरून, बहुधा वायव्येकडून, खारा वारा सुटतो. त्यामुळे सकाळी मांडव्याकडे जाताना वारा पाठीशी असतो आणि सारे अगदी सोपे वाटते. परतताना तोच समोर येऊन उभा राहतो. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर चालूच शकत नाही. वाऱ्याच्या दिशेशी पंचेचाळीसेक अंशांचा कोन ठेवून, एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे, अशी नागमोडी वाट काढत तिला घरी यावे लागते.

या होडीचा जो मुख्य, त्याला कोणी कप्तान म्हणतात, कोणी शिक्षक म्हणतात. आपल्या किनाऱ्यावरचा जुना शब्द तांडेल. मला तोच आवडतो. होडीत पाय ठेवताच दिसते ते हे, की तांडेलाच्या राज्यात लोकशाही नाही. कुठे बसायचे, कोणता दोर धरायचा, केव्हा सोडायचा, हे तो सांगतो. मी पाहिलेल्या अशा एका फेरीत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. आयुष्यभर त्यांनी हुकूम सोडले होते, आणि आता पंचविशीतला एक तरुण तांडेल त्यांना सांगत होता, "काका, उजवीकडे सरका. अजून थोडे." काका सरकत होते, पण कसे, हे त्यांच्या भुवयांवर स्पष्ट वाचता येत होते. शेवटी ते म्हणालेच, "अहो, पण का सरकायचे ते तरी सांगाल?"

त्यांचा प्रश्न रास्त होता. विचार करणाऱ्या माणसाचे ते पहिले लक्षण. पण तेवढ्यात होडी वळायची वेळ आली आणि तांडेल ओरडला, "डोके खाली!"

शिडाच्या तळाशी एक आडवी काठी असते. होडीने बाजू बदलली, की ती शिडासकट या अंगाकडून त्या अंगाला जाते. वारा भरात असला तर असल्या काठीने कपाळमोक्ष व्हायला क्षणही लागत नाही. काकांनी डोके खाली घातले. त्यांनी या वेळी कारण विचारले नाही आणि विचारायला अवकाशही नव्हता. होडी नव्या वाटेला लागल्यावर मात्र तांडेलाने दोर बांधता बांधता सगळे समजावून सांगितले: काठी कशी फिरते, वजन कोणत्या बाजूला असावे आणि काकांना मघाशी सरकायला का सांगितले. काका ऐकत होते आणि त्यांच्या भुवया हळूहळू जागेवर येत होत्या.

मला वाटते, आज्ञेच्या नीतीचे एक मोठे सूत्र इथे हाती लागते. कारण मागण्याचा हक्क माणसाने कधीच सोडू नये. परंतु त्या हक्काला वेळ असते. काठी डोक्यावरून जात असताना वाद घालणे हे स्वातंत्र्य नव्हे. पण काठी गेल्यावरही जो कारण सांगत नाही, विचारणाऱ्याला उद्धट ठरवतो, त्याला आपले डोके दुसऱ्यांदा खाली घालण्याचा अधिकार आपण देता कामा नये. दिवाळीत अंगणात अनार पेटवणाऱ्या नातवाला आजोबा "हात मागे घे!" म्हणून ओरडतात, तेव्हा ते वातीचे शास्त्र सांगत बसत नाहीत. ते शास्त्र फराळाच्या वेळी सांगायचे असते. आपल्या घरांतून चूक होते ती बहुधा इथेच. ओरडणे अंगणात होते आणि फराळाच्या वेळी कोणी काही बोलत नाही. मग मुलगा शिकतो तो आगीविषयी नव्हे, आजोबांच्या आवाजाविषयी.

आता कोणी म्हणेल, तांडेलाचे ऐकायला हरकत नाही, कारण तो त्याच होडीत बसलेला आहे. होडी बुडाली तर तोही बुडेल. काठावर राहून दुसऱ्याला पाण्यात लोटणारा निराळा आणि आपल्याबरोबर भिजणारा निराळा. हा विचार मनाला पटतो; पण तेवढ्याने भागत नाही. समुद्राच्याच इतिहासात त्याला एक भयंकर उत्तर आहे.

२२ जून १८९३ रोजी ब्रिटिशांचे भूमध्य समुद्रातले आरमार, आज लेबनॉनमध्ये असलेल्या त्रिपोली शहराजवळ, दोन समांतर रांगांनी चालले होते. सरसेनापती व्हाइस अॅडमिरल सर जॉर्ज ट्रायॉन 'व्हिक्टोरिया' या जहाजावर एका रांगेच्या अग्रभागी. दुसऱ्या रांगेच्या अग्रभागी 'कँपरडाउन'वर रिअर अॅडमिरल मार्कहॅम. दोन्ही रांगांनी एकमेकींच्या दिशेने, आतल्या बाजूला वळावे, असा हुकूम ट्रायॉनने सोडला. मधले अंतर सहा केबल, म्हणजे सुमारे अकराशे मीटर. दोन्ही जहाजांना वळायला लागणारी जागा मिळून त्याहून अधिक होती. हे अंतर अपुरे आहे, आठ केबल तरी हवे, असे ट्रायॉनला त्याच्या जहाजावर सुचवलेही गेले होते. त्याने मान डोलावली, आणि हुकूम सहाचाच गेला. पलीकडे मार्कहॅमला शंका आली. तो थांबला. तेव्हा कशाची वाट पाहता, अशी विचारणा सर्वांदेखत निशाणांनी झाली. आणि मार्कहॅमने हुकूम पाळला. सरसेनापतीच्या मनात आपल्याला न दिसणारी काही युक्ती असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. भर दिवसा, निवळ हवेत 'कँपरडाउन'ची सोंड 'व्हिक्टोरिया'च्या कुशीत घुसली. पंधरा मिनिटांच्या आत 'व्हिक्टोरिया' बुडाली. ३५८ माणसे गेली; त्यांत ट्रायॉनही गेला.

ट्रायॉन त्याच होडीत होता, हे इथे विसरून चालणार नाही. तो काही अडाणी नव्हता, भित्राही नव्हता. आपल्या काळातला अत्यंत कुशल दर्यावर्दी म्हणून त्याची ख्याती होती. तिथे उणीव होती ती एकाच गोष्टीची. त्याच्यापुढे शंका काढण्याची कोणाची छाती होत नव्हती. पुढे माल्टा येथे लष्करी न्यायालय बसले. त्याने ट्रायॉनला दोषी धरले. आणि मार्कहॅमने आपली शंका निशाणांनी कळवण्याचा पहिला विचार अमलात आणला नाही, याबद्दल खेद दर्शवला. परंतु समक्ष हजर असलेल्या सरसेनापतीची आज्ञा पाळली म्हणून त्याला दोष देणे आरमाराला घातक ठरेल, असेही न्यायालयाने म्हटले. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी त्या न्यायाधीशांनाही हा प्रश्न नीटसा सुटला नव्हता. दोष द्यावा तर शिस्त जाते. न द्यावा तर ३५८ माणसे डोळ्यांपुढून हलत नाहीत.

आपल्या नवख्यांच्या होडीत यावर एक साधा तोडगा असतो. मुंबईच्या बंदरात आणि पुढे किनाऱ्याला कोळी बांधवांची जाळी लागलेली असतात. त्यांचे बोये पाण्यावर तरंगत असतात. मोठी जहाजे ये-जा करतात. सुकाणूवर बसलेल्या तांडेलाला शिडाच्या आडचे दिसत नाही. म्हणून तो सर्वांत नवख्या माणसाला पुढे, नाळेवर बसवतो आणि सांगतो, "काहीही दिसले तरी ओरडा. चुकीचे दिसले तरी चालेल." बारा वर्षांची मुलगी नाळेवरून ओरडते, "दादा, डावीकडे बोया!" आणि ज्याच्या शब्दावर सगळी होडी चालते तो तांडेल त्या मुलीच्या शब्दावर होडी वळवतो. पुष्कळदा तो बोया नसतोच. नारळाची करवंटी असते. तांडेल रागावत नाही, कारण आज करवंटीवरून तो हसला तर उद्या खरा बोया दिसला तरी ती ओरडणार नाही, हे तो जाणतो. ट्रायॉनच्या नाळेवर अशी एखादी मुलगी असती तर!

समुद्रावरच्या कायद्यातही हेच शहाणपण आहे. जहाजांची टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १९७७ पासून लागू झाले. दोन शिडाच्या होड्या एकाच बाजूने वारा घेत जवळ आल्या, तर ज्या होडीला वारा आधी मिळतो तिने दुसरीला वाट द्यायची असते. जिला वाट मिळायची तिने आपला मार्ग आणि वेग कायम ठेवावा. पण नियम इथेच थांबत नाही. समोरच्याने काहीही केले तरी आता टक्कर टळत नाही असे दिसले, तर हक्काची वाट असलेल्यानेही ती टाळण्यासाठी हालचाल केलीच पाहिजे. म्हणजे नियम पाळण्याची आज्ञा देणाऱ्या नियमातच, डोळे उघडे ठेवण्याची आज्ञा आहे.

आणखी एक गोष्ट दुपारी घडते. परतीच्या वाटेवर, वारा बाजूने किंवा तिरपा समोरून येत असताना, तांडेल उठतो आणि सुकाणूची दांडी एका नवख्याच्या हाती देतो. दांडी डावीकडे ढकलली की होडीचे तोंड उजवीकडे जाते. हे उलटे गणित अंगवळणी पडेपर्यंत नवख्याची त्रेधा उडते. होडी वाऱ्यात घुसते, शीड फडफडते, वेग मरतो. तांडेल हात मांडीवर ठेवून बसून राहतो. त्याला चूक दिसत नाही असे नव्हे. या चुकीने फक्त होडी थांबेल, कोणाला इजा होणार नाही, हे त्याला ठाऊक असते. सकाळी, वारा पाठीशी असताना, त्याने दांडी कोणाला दिली नव्हती. कारण तेव्हाच्या चुकीने ती आडवी काठी एकाएकी सबंध फिरून आली असती. कोणती चूक होऊ द्यावी आणि कोणती होऊ देऊ नये, एवढा विवेक ज्याला आला, त्याला वडीलपणाची अर्धी विद्या आली. आपण पुष्कळदा याच्या नेमके उलट करतो. मुलाने कोणत्या रंगाचा सदरा घ्यावा यावर हट्ट धरतो आणि जिथे खरोखर हात धरायला हवा तिथे आपल्याला फुरसत नसते.

दांडी हातात देणे, हीच मला चांगल्या आज्ञेची शेवटची खूण वाटते. जी आज्ञा स्वतःची गरज संपवण्यासाठी दिली जाते ती पाळण्यात कमीपणा नाही. आपल्या नौदलातले कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्या वेळी किनाऱ्यावर राहून त्यांना साहाय्य करणारे अभिलाष टॉमी यांनी पुढे २०१२-१३ मध्ये त्याच नौकेतून, कुठेही न थांबता, एकट्याने प्रदक्षिणा पुरी केली. आणि २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी'तून जगाला वळसा घालून आल्या, तेव्हा त्यांना शिकवणाऱ्यांत दोंदे होते. भर समुद्रात एकट्याने जाणारा माणूस सर्वांत स्वतंत्र म्हणायचा. पण तोही कधीतरी कोणाच्या तरी शब्दावर दोर ओढून आणि सोडून शिकलेला असतो, आणि परत आल्यावर तो दोर दुसऱ्याच्या हाती देतो.

तेव्हा राम की प्रल्हाद, या प्रश्नाचे उत्तर मला असे सुचते. सांगणारा आपल्याबरोबर भिजतो आहे का, एवढेच पाहून थांबू नये. वेळ टळल्यावर तो कारण सांगतो का, नाळेवरच्या लहानग्याची हाक त्याला ऐकू जाते का आणि दुपार होताच तो दांडी सोडतो का, हेही पाहावे. या गोष्टी जुळल्या तर खुशाल मान लववावी. न जुळल्या तर प्रल्हाद व्हावे, आणि त्याची किंमत द्यायलाही तयार असावे. आणि ज्यांच्या हाती आज घराचे, शाळेचे, कचेरीचे सुकाणू आहे त्यांनी हीच परीक्षा स्वतःला लावून पाहावी. पलीकडच्या बाजूला बसलेल्या मुलाचे हात केव्हाचे शिवशिवत असतील. वाराही बाजूचा असेल. थोडे सरकून त्याला जागा करून द्यायला काय हरकत आहे?